कार्ड सिरियलला लावलंय

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती हिमालयाची, निदान कोकणाची तरी. माझ्याकडे आहे शिरूर आणि दौंड. तीन दिवस, दोन तालुके, चुकून ओलांडलेली एक नदी आणि तळहाताएवढं एक कार्ड. परत येऊन पंधरा दिवस झाले. ऑफिसात जो तो ही हकीकत आपल्या पदरची भर घालून सांगतोय. परवा तर कुणीतरी मला म्हशीवर बसवून दौंडात आणलं. तेव्हा मूळ प्रत कागदावर असलेली बरी.

साल दोन हजार एक. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी नेटवर्क इंजिनिअर आहे. म्हणजे दोन गावांतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलते करायचे. त्यासाठी दोन्हीकडे राउटर नावाची एकेक पेटी बसते. पेटीच्या पाठीला रिकामे खण असतात. टेलिफोन खात्याची लाइन जशी असेल तसं कार्ड त्या खणात सरकवायचं, दोन स्क्रू आवळायचे, की पेटीला हवं तसं तोंड फुटतं. कार्ड नसेल तर राउटर म्हणजे नुसता पेपरवेट, तोही महागातला.

शिरूरच्या एका दूध संघाला आपल्या दौंडच्या शीतकरण केंद्राशी असं बोलायचं होतं. दोन्ही पेट्या आधीच पोचल्या होत्या. माझ्या बॅगेत होती दोन सिरियल कार्डं (सिरियल ही लाइनची एक जात), केबल, लॅपटॉप आणि बायकोनं दिलेला डबा. गळ्यात टाय होता. या टायचा पुढे एकाच ठिकाणी उपयोग झाला, आणि तोही खाण्याच्या कामी.

शिरूर, सोमवार

सणसवाडी येईपर्यंत एसटीत उभं राहायला जागा नव्हती. कारखान्यांची पाळी सुटली-भरली आणि मला खिडकी मिळाली. खिडकी मिळाली की मला दोन गोष्टी होतात, झोप येते आणि मी स्वतःला फार अनुभवी प्रवासी समजू लागतो. रांजणगाव गेलं. पुढे कंडक्टर ओरडला, "चला, घोडनदीवाले उतरा!" निम्मी गाडी उतरली. मी ऐटीत बसून राहिलो. आपल्याला शिरूरला जायचंय. नदीशी आपला काय संबंध?

गाडी सुटली आणि एका लांबलचक पुलावर आली. खाली खरोखरच नदी होती. शेजारच्या टोपीवाल्या बाबांना विचारलं, "शिरूर किती लांब आहे?"

"शिरूर? मागं ऱ्हायलं की!"

"मागं तर घोडनदी होतं."

"मंग? त्येच की ते."

कंडक्टर घंटीची दोरी ओढत म्हणाला, "सायेब, तिकीट शिरूरचं काढलं आन् चालला नगर जिल्ह्यात व्हय?"

"तुम्ही शिरूर म्हणून ओरडलाच नाहीत!"

"अवो, नाव एक ठेवत्यात, हाक दुसरीच मारत्यात. तुमच्यात न्हाई का आसं?"

आमच्यात आहे. व्हिजिटिंग कार्डावर माझं नाव चांगलं तीन शब्दी आहे आणि घरी मला अजून पिंट्या म्हणतात. मी मुकाट्याने उतरलो आणि जिल्ह्याची हद्द पायी ओलांडून परत आलो.

संघाच्या फाटकात ओव्हाळ मॅडम वाट पाहत उभ्या होत्या. संघाचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे याच मॅडम. वय तिशीच्या आत, हातात दोनशे पानी वही.

"सर, पुण्याची गाडी या बाजूनं येते. तुम्ही नगरकडून कसे आलात?"

"जरा भोवतालचा परिसर बघून आलो."

"पुलावरून?" एवढंच म्हणून त्यांनी मला आत नेलं. या बाईंपुढे फार काळ थाप टिकणार नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

आत गेल्या गेल्या दुधाचा पेला आला. आमच्या सोसायटीत पाहुण्याला आधी "चहा चालेल का" विचारतात आणि उत्तर नाही यावं अशी मनात प्रार्थना करतात. इथे विचारायची पद्धतच नाही, पेला थेट हातात. वर बोटभर जाड साय. मला साय नजरेसमोरही नको असते, पण समोर चेअरमन उभे होते. त्यांना सगळा तालुका आबा म्हणतो. मी डोळे मिटून पेला रिकामा केला. आबांना वाटलं मला फारच आवडलं. दुसरा आला.

आबा गेल्यावर मॅडमनी वस्तुस्थिती सांगितली. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली बुद्धाचं एक लहान चित्र होतं आणि त्याच्या शेजारी राउटरच्या मॅन्युअलचं झेरॉक्स केलेलं पान. पानावर जागोजागी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले.

"सर, व्हाइस चेअरमन म्हणतात, वीस वर्षं दौंडचे आकडे फोनवर येतायत, मग ही पेटी कशाला? आबांनी माझ्या शब्दावर होकार दिला. बुधवारी अकरा वाजता सगळं संचालक मंडळ इथं बसणार. दौंडचं सकाळचं संकलन या पडद्यावर दिसलं, तर विभाग राहिला. नाही दिसलं, तर कॉम्प्युटरवर फडकं टाकायचं आणि मी परत फोनवर आकडे उतरवून घ्यायचे. ठरावच तसा झालाय."

"दिसणार, मॅडम."

"आमच्या वस्तीत कॉम्प्युटर शिकलेली पहिली मी. रोज एसटीनं पुण्याला जाऊन शिकले. माझं बघून आता चार मुलींनी क्लास लावलाय. मी परत फोनवर बसले, तर त्यांच्या घरचे त्यांना दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊ देतील का?"

मी म्हणालो, "मॅडम, दोन कार्डं आहेत. एक इथं लावायचं, एक तिथं. यात चुकण्यासारखं काय आहे?"

हे वाक्य मी घरी फ्रेम करून लावणार आहे.

शिरूरचं कार्ड तासाभरात बसलं. मी आज्ञा टाइप करत होतो, मॅडम एकेक ओळ वहीत उतरवून घेत होत्या आणि प्रत्येकीला "का?" विचारत होत्या. चौथ्या "का?"नंतर मी "असंच असतं" म्हणायला लागलो. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आता दौंड. संघाचा टँकर पहाटे निघतो, त्यातून चला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. पहाट ही गोष्ट मला फक्त ऐकून माहीत आहे. मी म्हणालो, "मी नंतरच्या एसटीनं येतो. कार्ड तेवढं टँकरबरोबर पुढे पाठवू."

"सर, कार्ड तुमच्याजवळच राहू दे की," मॅडम म्हणाल्या.

"छे, छे. दौंडच्या माणसाला फोनवर नीट सांगून ठेवतो."

दौंडचा माणूस म्हणजे आप्पा, केंद्राचे जुने कारकून. वीस वर्षं फोनवर आकडे सांगणारे ते हेच. तो फोन मी शब्दशः देतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे.

"आप्पा, उद्याच्या टँकरबरोबर एक कार्ड पाठवतोय. जपून ठेवा."

"कार्ड व्हय? ठिवतो की. नंबर काय त्याचा?"

मी चाट पडलो. काय ही शिस्त! खोक्यावरचा लांबलचक नंबर वाचायला लागलो.

"आक्षरं ऱ्हाऊ द्या. आकडं सांगा निस्तं."

सांगितले.

"आन् गाव?"

"माझं? मी परगावचा, आप्पा."

"बरं बरं. मंग लावून ठिवू का?"

"तुम्ही लावणार? सिरियल कार्ड आहे हं ते. सिरियललाच लावावं लागेल."

"सिरियलनंच लावतो आम्ही सगळी. वीस वर्सं झाली."

मी फोन ठेवून मॅडमकडे विजयी नजरेनं पाहिलं. "बघा! उगाच आपण खेड्यापाड्यातल्या लोकांना कमी लेखतो. गृहस्थ स्वतः कार्ड लावणार आहेत. वीस वर्षांचा अनुभव आहे."

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "सर, वीस वर्षांपूर्वी दौंडला राउटर होते?"

"तुम्ही शंका फार काढता," मी म्हणालो.

दौंड, मंगळवार

दौंड हे रेल्वेचं गाव. इथे गाडी थांबते, इंजिन सुटतं, डुलत डुलत दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं, आणि पुढचं मागं करून गाडी मनमाडकडे निघते. अर्धे प्रवासी दचकून उठतात, गाडी परत घरी चालली म्हणून. पुलावरून परत आलेल्या माणसाला हे गाव लगेच आपलंसं वाटलं.

केंद्रावर पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दुधाचा पेला हातात आला. साय शिरूरपेक्षा जाड. आप्पा म्हणजे पांढरं धोतर, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"कार्ड आलं ना, आप्पा?"

"आलं आन् लावलं बी. कवाच."

मी राउटरपाशी गेलो. पाठीमागे पाहिलं. खण रिकामा, त्यावरची झाकणपट्टी कंपनीतून आली तशी.

"आप्पा, इथं तर नाही."

"तिथं कसं आसंल?" आप्पांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं आणि भिंतीकडच्या लोखंडी कपाटाचं दार उघडलं. वरपासून खालपर्यंत कप्पे. प्रत्येक कप्प्यावर गावाचं नाव आणि आत सुतळीनं बांधलेले पुठ्ठ्याच्या कार्डांचे गठ्ठे. दूध संघात कार्ड म्हणजे एकच, सभासदाचं दूधकार्ड. त्यावर रोजचं लिटर आणि फॅट. आणि कार्ड लावणे म्हणजे ते गावाच्या कप्प्यात नंबराच्या क्रमानं घालणे. सिरियलनं.

माझ्या कानांत कालचा फोन पुन्हा पहिल्यापासून वाजायला लागला.

"गाव... गाव कुठलं लावलंत?"

"तुम्हीच बोल्ला की. पारगाव."

"परगाव म्हणालो मी! परगाव! बाहेरगावचा!"

"मंग बाहेरगावचा म्हणायचं व्हतं. आमच्यात पारगाव हाय ना, भीमेच्या काठाला." आप्पांनी कप्प्यात हात घातला. हात रिकामाच बाहेर आला. "अगायायाया. पारगावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी सकाळीच गठ्ठा घिऊन गेला. दर दहा दिसांनी नेत्यात, लिवायला."

घड्याळात साडेबारा झाले होते. उद्या अकराला शिरूरला संचालक मंडळ बसणार होतं. आणि राउटरचं कार्ड पारगावच्या सभासदांत दाखल होऊन फॅटची वाट पाहत होतं.

मॅडमना फोन करावा लागला. मी घसा खाकरून म्हणालो, "थोडा तांत्रिक विलंब आहे."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "सर, कार्ड कुठं आहे?"

"पारगावला."

"मी विचारलं होतं, वीस वर्षांपूर्वी राउटर होते का."

"हो."

"पारगावला सोसायटीत फोन आहे, पण तिथला माणूस दुपारी शेतात असतो. तुम्ही आप्पांच्या गाडीवर निघा. मी इथून लावत राहते." आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आप्पांच्या एम-एटीवर आम्ही निघालो. पुढे आप्पा, मागे मी, आणि आमच्यापुढे उसाच्या जोडट्रॉल्या. ट्रॅक्टरवर टेप इतक्या मोठ्यानं लावलेला की हॉर्न द्यायचा प्रश्नच नाही. प्रत्येक ट्रॉलीला ओलांडताना ऊस माझ्या कानावरून प्रेमानं हात फिरवून जायचा. दर दहा मिनिटांनी आप्पा मान वळवून विचारायचे, "सायेब, हाय का?" मी "आहे" म्हणायचो. एकदा उत्तर द्यायला उशीर झाला तर त्यांनी गाडीच थांबवली.

पारगावच्या सोसायटीत सेक्रेटरी नुकतेच शेतातून येऊन बसले होते. कानाला पेन, समोर गठ्ठा. आणि गठ्ठ्याच्या शेजारी, त्याच्या चंदेरी पिशवीतून बाहेर काढलेलं, माझं कार्ड.

"या आप्पा," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचीच वाट बघतोय. ह्यो नवीन सभासद कोन? नाव न्हाई, गाव न्हाई. म्हैस हाय का गाय, त्ये बी लिव्हलं न्हाई. आन् ह्याच्यावर लिवायचं तरी कुटं? सगळं हिरवंगार."

मी झडप घालून ते उचललं. "याला काही केलं नाही ना तुम्ही?"

"कुटं काय. पंच मारून दोऱ्यात ववणार व्हतो. पण आमचा पंच ग्रामपंचायतीनं मागून न्येलाय, आजून दिला न्हाई."

पारगावच्या ग्रामपंचायतीचे आमच्या कंपनीवर फार उपकार आहेत.

"मंग," सेक्रेटरींनी गंभीरपणे विचारलं, "सायेब दूध कवापासनं घालनार?"

आप्पा इतके हसले की त्यांचा चष्मा गठ्ठ्यात पडला. तोही सिरियलनं शोधावा लागला.

परतताना एका गुऱ्हाळावर थांबलो. कढईतला रस रटरटत होता आणि सगळ्या हवेला गोड वास येत होता. गुळव्यानं पानावर गरम काकवी दिली. मी कार्ड शर्टाच्या आत छातीशी धरलेलं, त्यामुळे एका हातानं खात होतो. वाकलो आणि टाय काकवीत बुडाला. गुळव्या म्हणाला, "चोखा, चोखा, वाया नगा घालवू." चोखला. पुण्यात कुणी पाहिलं नाही तोवर ठीक आहे.

तिथे बसून मी आप्पांना कार्डाचं महत्त्व समजावू लागलो. लाइन, इंटरफेस, पोर्ट, निम्मं इंग्रजीत. आप्पांनी बराच वेळ ऐकून घेतलं.

"म्हंजी कपलिंग," ते म्हणाले.

"काय?"

"टँकरच्या तोंडाचं आटं येगळं, टाकीच्या पाइपाचं येगळं. मधी कपलिंग घातल्याबिगर दूध उतरत न्हाई. ह्ये तुमचं त्येच की."

गेली सहा वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगायचा प्रयत्न करतोय. एका शब्दात ते कधी जमलं नव्हतं.

मग बोट चाटत ते म्हणाले, "एक सांगू? मला वाटायचं, ही पेटी आली की माझा फोन गेला. रोज सकाळी शिरूरच्या त्या वहीवाल्या पोरीला आकडं सांगायचो, तिची खुशाली कळायची. पर तिला परत त्या फोनवर बशिवलं, तर मला बी ग्वाड लागायचं न्हाई. उद्या चालू करा मंजी करा."

दौंड, बुधवार

बुधवारी मी पहाट पाहिली. आहे खरी.

नऊ वाजता राउटर बंद केला, कार्ड सरकवलं, स्क्रू आवळले, केबल जोडली. मॉडेमचे दिवे लागले. मी सगळ्या आज्ञा टाइप केल्या. आप्पांनी दोन बोटांनी सकाळचं संकलन कॉम्प्युटरमध्ये भरलं. आणि लाइन काही येईना.

केबल काढून लावली. स्क्रू पुन्हा आवळले. राउटर बंद करून चालू केला. टाय सोडला. दहा झाले. साडेदहा झाले. फोनवर मॅडम होत्या, आणि त्यांच्या मागे खुर्च्या सरकल्याचे, खाकरल्याचे आवाज येत होते. मंडळ जमायला लागलं होतं. एक जाड आवाज स्पष्ट ऐकू आला, "काय मॅडम, फोनच करावा लागतोय ना शेवटी?" हे व्हाइस चेअरमन असणार.

"सर, किती वेळ?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"मॅडम, बहुधा कार्ड खराब झालंय. प्रवासात. काकवीत."

"काकवीत?"

"म्हणजे, जवळून."

"सर, तुमच्या पडद्यावर कार्डाच्या पोर्टपुढे काय लिहिलंय ते वाचा. जसंच्या तसं."

मी वाचलं. इंग्रजीत होतं, मालकानं बंद ठेवलंय अशा अर्थाचं.

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "सोमवारी इथं तुम्ही आठव्या ओळीला 'नो शटडाउन' दिलं होतं. मी का विचारलं, तर तुम्ही 'असंच असतं' म्हणालात. मग मी मॅन्युअलमध्ये बघितलं. नवं पोर्ट आपणहून बंदच असतं. बंद राहू नको, असं सांगावं लागतं. तिकडं सांगितलंत का?"

मी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांत शेकडो वेळा टाइप केलेली ओळ. कार्ड शोधण्याच्या पराक्रमात मी पोर्ट उघडायलाच विसरलो होतो.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"याला 'चालू हो' म्हणून चालत नाही, आप्पा. 'बंद राहू नको' म्हणावं लागतं."

"आमचं व्हाइस चेअरमन बी तसंच हायती," आप्पा म्हणाले. "'हो' म्हणा म्हनलं की म्हणत न्हाईत. 'न्हाई म्हणू नगा' म्हनलं की गप ऱ्हात्यात."

मी ओळ टाइप केली. कार्डावरचा दिवा हिरवा झाला. मी फोन कानाला घट्ट लावला. मग आबांचा आवाज, मोठ्यानं वाचत असलेला, गिरीम इतकं, पाटस इतकं, पारगाव इतकं. आणि मग टाळ्या. टेलिफोनमधून टाळ्या ऐकू आल्या की तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या वाटतात.

आबांनी फोन घेतला. "साहेब, शाबास! तुमच्यासाठी शाल-नारळ आणून ठेवलाय इथं. आता तुम्ही तिकडं. काय करावं?"

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगतो, "टँकरनं पाठवा" म्हणणार होतो. आप्पांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला.

"आबा, आप्पा बोलतोय. सायबानं कार्ड हारवलं, मी गावभर फिरिवलं. चालू केलं त्ये तुमच्या शेजारी वही घिऊन उभी हाय ना, तिनं. शाल तिकडंच हाय आन् मानूस बी तिकडंच हाय. आता इचारताय कुणाला?"

पुन्हा तव्यावर पाणी. या वेळी बराच वेळ.

मॅडम फोनवर आल्या तेव्हा आवाज जरा ओला होता, पण मुद्दा कोरडा. "सर, आबा विचारतायत, बाकीची दोन केंद्रं कधी जोडायची? व्हाइस चेअरमन नाही म्हणाले नाहीत."

"सांगा, पुढच्या महिन्यात मी येतो."

"मी सांगितलं, मी जाऊन जोडते. तुम्ही फक्त कार्डं द्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्या चार मुलींचा क्लास चुकणार नाही, एवढं डोक्यात आलं आणि हसू फुटलं.

"मॅडम, मी नुसता बघायला आलो तर चालेल?"

"या की, सर. दूध प्या, बसा," त्या म्हणाल्या. "फक्त कार्डाला हात लावू नका."